मागचा माणूस

१

छत धडधाकट आहे की आतून सुटलंय, हे मी बोटांच्या पेरांनी ठोकून सांगते. चुन्याचा गिलावा वरच्या लाकडी पट्ट्यांना घट्ट धरून असला तर आवाज खणखणीत येतो. सुटला असला तर बद्द. खणखणीत आला की खडूनं बरोबरची खूण, बद्द आला की गोल. तीस वर्षं हेच करतेय. मानेचं दुखणं सोडलं तर या धंद्यानं मला काही कमी केलेलं नाही.

त्या सोमवारी सकाळी मी जुन्या बँकेच्या घुमटाखाली परांचीवर चढले. इमारत व्हिक्टोरियन, दीडशे वर्षांची. पुढे सहा दगडी खांब, वर त्रिकोणी माथा, त्यात किल्ली घेऊन बसलेली दगडी बाई. दार एवढं जड, की उघडताना माणसाला आपण चिल्लर असल्याची जाणीव व्हावी. आत शिसवी काउंटरांची लांबच लांब रांग, त्यावर पितळी कठडा, आणि मधोमध आठ बिडाच्या खांबांवर तोललेला घुमट. हे खांब आतून पोकळ आहेत. छपरावरचं पावसाचं पाणी त्यांच्या पोटातून खाली जातं. खाली कोणी खांबाला टिचकी मारली तरी वर परांचीवर ऐकू येते. ज्यानं कोणी हे बांधलं, तो माणूस डोकेबाज होता.

बँक केव्हाच उठून गेली होती. आता तिथे वाचनालय होणार होतं. कामाचे इंजिनियर चाळिशीतले, नीटनेटके, खिशाला तीन पेनं.

"बाई, गुरुवारी अकरा वाजता मी स्वतः ठोकून बघणार," ते म्हणाले. "घुमटाच्या चौसष्ट खणांतला एक जरी बद्द निघाला तरी सगळा गिलावा उतरवायचा. जिप्समचे तक्ते ठोकून मोकळं व्हायचं."

"शितावरून भाताची परीक्षा करता का, साहेब?"

"लोकांच्या डोक्यावर पडलं तर परीक्षा माझी होईल."

त्यांचं चूक नव्हतं. पण ते छत माझ्या बाबांचं होतं. एकतीस वर्षांपूर्वी बाबांनी त्या घुमटाचा सगळा गिलावा नव्यानं केला. शेवटच्या आठवड्यात तपासनीस आला, त्यानं ठोकलं, एक खण बद्द निघाला. बाबांनी तो फोडून पुन्हा भरला. दुसऱ्या दिवशी दुसराच बद्द. तो भरला, तर तिसरा. शेवटी भर दुपारी, हातातलं काम हातात असताना, त्यांना हाकलून दिलं. तेव्हापासून सगळ्या धंद्यात त्यांचं नाव पडलं 'बद्द मिस्त्री'. मी 'बद्द मिस्त्रीची पोर'. छत मात्र तेव्हापासून एक कपचाही न सांडता तिथंच होतं. बाबा आता एक्याऐंशीचे. डोळे मिटण्याआधी ते नाव पुसलं जावं, एवढीच माझी इच्छा होती, आणि त्यासाठी माझ्याकडे चार दिवस होते.

२

सोमवारी त्रेसष्ट खण खणखणीत निघाले. मी गाणं गुणगुणतच पुढे सरकत होते. तिसऱ्या रांगेतला सातवा खण मात्र बद्द बोलला. नुसता बद्द नव्हे. गादीवर ठोकल्यासारखा.

गोल काढला. मन खट्टू झालं, पण घाबरण्यासारखं काही नव्हतं. एवढासा खण, एका दिवसाचं काम.

मंगळवारी चुना, सुतळी, हत्यारं घेऊन वर गेले. फोडण्याआधी सवयीनं पुन्हा ठोकलं, आणि माझ्या गोलातून देवळातल्या घंटेसारखा आवाज आला. खणखणीत. बोटं बदलून ठोकलं. खणखणीत. काल कानात बोळे होते की काय? मग शेजारच्या आठव्याला ठोकलं. त्यावर माझ्या हातची बरोबरची खूण होती. तो बद्द.

आता मी काही काल जन्मलेली नाही. लाकूड उन्हानं आकसतं, दमट हवेनं फुगतं, पट्ट्या हलतात. हे सगळं मी स्वतःला मोठ्यानं सांगितलं. माझा आवाज घुमटात फिरून परत आला, आणि तो ऐकून माझंच समाधान झालं नाही.

मग मी एक प्रयोग केला. परांचीच्या पार दुसऱ्या टोकाला गेले, जिथं काल सोळाच्या सोळा खण वाजले होते. दोनदा ठोकलं. टक टक. खणखणीत.

थांबले. वर काहीतरी सरकलं. उंदरासारखं तुरुतुरु नाही. झोपलेला जड माणूस कूस बदलतो तसं, सावकाश, पूर्ण घुमटाच्या पाठीवरून माझ्या दिशेनं. पट्ट्या एकेक करून कुरकुरत आल्या आणि बरोबर माझ्या डोक्यावर थांबल्या.

मी पुन्हा ठोकलं. बद्द.

तो सुटलेल्या गिलाव्याचा आवाज नव्हताच. ज्या गिलाव्यावर पलीकडून कोणी अंग टाकून पडलंय, त्याचा तो आवाज होता. आणि मग, माझी बोटं अजून छताला लागलेलीच असताना, पलीकडून एक ठोका आला. एकच. हलका, आदबीनं मारलेला.

माझी पाचावर धारण बसली. शिडीच्या शेवटच्या चार पायऱ्या मी उतरले नाही, पडले.

३

हे सगळं कळायला आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. असलं छत दोघांनी करायचं असतं. एक जण खालून गिलावा चढवतो. तो पट्ट्यांच्या फटींतून वर निघतो, आणि दुसरा जण वर पालथा पडून तो मागून दाबून बसवतो. त्याला म्हणायचं 'मागचा'. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही, म्हणून ठोक्यांची भाषा. खालून दोन ठोके म्हणजे 'आहेस का?' वरून एक ठोका म्हणजे 'आहे.' काम संपलं की खालून तीन ठोके आणि थापीची एक लांब ओढ: 'सुट्टी, खाली ये.'

बाबांनी मला हे लहानपणी स्वयंपाकघराच्या भिंतीवर शिकवलं. मी ओट्यापाशी, ते पलीकडच्या खोलीत. आई वैतागायची. म्हणायची, बाप-लेक भिंतीशी बोलतात, माझ्याशी नाही. तेव्हापासून कुठलंही छत तपासताना माझी बोटं आपोआप दोनदाच पडतात. वर कोणी नसलं तरी.

तीस वर्षं मी रिकाम्या छतांना विचारत आलेय, 'आहेस का?' आजवर कोणी उत्तर दिलं नव्हतं.

४

बुधवारी सकाळी मी ठरवलं, वर जाऊनच बघायचं. भीती वाटत होती, पण तिच्याहून राग मोठा होता. एकतीस वर्षं ज्यानं माझ्या बापाचं नाव मातीत घातलं, तो उंदीर असो, घूस असो की आणखी कोणी, त्याला मी बघणारच होते.

काउंटरच्या टोकाला एक बुटकं दार आहे. त्याच्यामागे भिंतीत दडवलेला लोखंडी गोल जिना. तो थेट वर, आतला गिलाव्याचा घुमट आणि बाहेरचा शिशाच्या पत्र्याचा घुमट यांच्या मधल्या पोकळीत निघतो. तिथं उभं राहता येत नाही. पोटावर सरकावं लागतं. माथ्यावरच्या काचेतून सकाळचा उजेड तिरपा येत होता, बॅटरीची गरजसुद्धा नव्हती.

सगळीकडे बोटभर धूळ. एकतीस वर्षांची, मऊ, न विस्कटलेली. तिच्यातून एक स्वच्छ वाट घुमटाभोवती गेली होती, सतत सरपटून गुळगुळीत झालेली. आणि परवाच्या सातव्या खणाच्या मागे एक पडून राहायची जागा होती. माणूस पडला तर जसा ठसा उमटेल तसाच ठसा. डोकं, खांदे, दोन हात. मी वितीनं मापायला लागले, कारण मापणं हा माझा स्वभाव. खांद्यापासून कोपरापर्यंत सहा विती झाल्या आणि कोपर आलं नाही. मी हात मागे घेतला. पुढचं माप मला नको होतं.

ठशाच्या उशाशी एक थापी होती. नीट, सरळ, हत्यारं सांभाळणाऱ्या माणसानं ठेवावी तशी. तिच्या मुठीवर सुतळीचे तीन वेढे आणि वर खुणेची गाठ. ती गाठ मी ओळखते. बाबांची ही थापी एकतीस वर्षांपूर्वी याच कामावर राहिली होती. लोखंडाला गंजाचा ठिपका नव्हता. लाकूड हाताळून हाताळून आरशासारखं चमकत होतं.

मी ती उचलली, आणि तेवढ्यात माझ्या छातीखाली, बरोबर जिथं मी पालथी पडले होते तिथं, खालून ठोके आले.

टक टक.

परांचीवर कोणी नव्हतं. परांचीची शिडी मी स्वतः काढून आडवी ठेवली होती.

टक टक. आहेस का?

सगळ्यात भयंकर काय होतं सांगू? माझं पेर वळलं होतं. उत्तर द्यायला, एकदा, आपोआप. लहानपणापासूनची सवय. ते गिलाव्यापासून तांदूळभर अंतरावर होतं तेव्हा माझं मलाच दिसलं. एकदा 'आहे' म्हटलं असतं तर सुट्टी मिळेपर्यंत तिथंच राहावं लागलं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पण मला ते स्वतःच्या नावाइतकं ठाऊक होतं. मी ते बोट दातात धरलं आणि मागच्या मागे सरकत जिना गाठला.

खाली आले तर दारावरच्या बाई फडकं घेऊन करवादत होत्या.

"ताई, तुमच्या माणसाला सांगा पाय पुसून चालायला. आत्ताच फरशी पुसली होती."

"माझ्याबरोबर कोणी नाही हो."

"मग हे काय माझ्या सासूचे पाय?"

काळ्या-पांढऱ्या फरशीवर चुन्याचे ठसे होते, परांचीपासून बुटक्या दारापर्यंत. एका ठशापासून दुसऱ्यापर्यंत मला चार पावलं टाकावी लागली. म्हणजे तो जिन्यानं वर परत गेला होता, मी त्याच जिन्यानं खाली येत असताना. तो जिना एका माणसाच्या रुंदीचा आहे. मी त्यावर जास्त विचार केला नाही, आजही करत नाही.

५

संध्याकाळी मी थापी बाबांच्या मांडीवर ठेवली. ते खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. त्यांनी डोळे न उघडताच गाठीवरून अंगठा फिरवला, आणि त्यांचा चेहरा असा काही उतरला की मला वाटलं, उगाच आणली.

"आहे का तो अजून?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"खाई त्याला खवखवे, बाळा."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचा मागचा माणूस, आम्ही त्याला काका म्हणायचो, एका सकाळी आलाच नाही. बाबा घाईत होते. सवयीनं दोन ठोके मारले. वरून एक ठोका आला. त्यांना वाटलं, काका उशिरा का होईना पोचला. दिवसभर काम केलं. घरी जाताना वाटेत काकाकडे डोकावले, तर तो तापानं फणफणून अंथरुणात.

"दुसऱ्या दिवशी मला कळत होतं वर काका नाही," बाबा म्हणाले. "तरी मी ठोकलं. हात काय होता त्याचा! मी इकडे चढवावं आणि त्यानं तिकडे बसवावं, जसं एकाच माणसाचे दोन हात. असा मागचा मला जन्मात मिळाला नाही. हाव सुटली मला. एकदा थापी वर विसरली, ती त्यानं सांभाळली. मग तपासनीस आले. दार ठोठावल्यासारखं माणूस दोनदाच ठोकतो. ते ठोकायचे, आणि तो बिचारा बोलावलं म्हणून तिथं यायचा."

"सांगितलं का नाहीत तुम्ही कोणाला?"

"काय सांगू? आणि खरी लाज वेगळीच आहे." ते थापीकडे बघत राहिले. "मला भर दुपारी हाकललं. वर चढूच दिलं नाही. मी त्याला सुट्टी दिली नाही गं. एकतीस वर्षं तो कामावर आहे."

मी बापाला रडताना पहिल्यांदा बघितलं. मला त्यांची दयाही आली आणि रागही आला, आणि दोन्ही एकदम आल्यावर माणूस काय करतो? मी चहा टाकला.

चहा पिऊन होईपर्यंत ठरलं होतं. "उद्या अकराला तुम्ही माझ्याबरोबर येताय," मी म्हणाले.

"चार वर्षं झाली मी जिना उतरलो नाही."

"मग उद्या उतरा. त्याला एकतीस वर्षं सुट्टी नाही."

६

गुरुवारी शेजारच्या दोघांनी बाबांना खुर्चीसकट खाली आणलं. ते दर मजल्यावर सूचना देत होते, जशी काही मूर्तीच हलवताहेत. बँकेच्या दारात इंजिनियर साहेब घड्याळ बघत उभे होते.

"हे कोण?"

"ज्यांचं छत तुम्ही तपासणार, ते."

साहेब जरा ओशाळले. मग परांचीवर चढले, हातात लाकडी हातोडी. मी बाबांची खुर्ची सगळ्यात जवळच्या बिडाच्या खांबाला भिडवली. वर साहेबांनी पहिल्या खणाला हातोडी लावली. दोनदा.

बद्द.

साहेबांनी वाकून आमच्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर दुःखच होतं, हे मी कबूल करते.

"मिनिटभर थांबा, साहेब," बाबा म्हणाले. त्यांचे हात एरवी चमचासुद्धा सांडतात. पण थापी धरल्यावर ते थरथरले नाहीत. त्यांनी तिच्या मुठीनं खांबाला ठोकलं. एक. दोन. तीन. आणि मग पात्याची एक लांब ओढ, वरून खाली, सावकाश. तो आवाज पोकळ खांबाच्या पोटातून चढत गेला आणि घुमटभर पसरला.

काहीच झालं नाही. साहेबांनी काही विचारायला तोंड उघडलं.

टक.

एक ठोका. मग सगळा घुमट कुरकुरला, चौसष्टच्या चौसष्ट खण, जुन्या बाजेवरून भारी माणूस उठावा तसा. चहूकडून धुळीच्या बारीक धारा खाली आल्या आणि उन्हात चमकल्या. मग लोखंडी जिना वाजायला लागला. एक पायरी. बऱ्याच वेळानं दुसरी. दारावरच्या बाई माझ्या दंडाला घट्ट धरून उभ्या होत्या.

"जिन्यावर कोण आहे?" साहेबांनी वरून विचारलं.

बुटकं दार उघडलं. मी बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि बघितलं. एक पांढरा हात पितळी कठडा चाचपत पुढे आला. तो कठड्यावरून सरकत पहिल्या खांबाच्या पुढे गेला, दुसऱ्याच्या पुढे गेला, तिसऱ्यापाशी पोचला, आणि खांदा अजून दारातून बाहेर यायचा होता.

मी मान खाली घातली. बाबांनी घातली नाही. पावलं त्यांच्या खुर्चीपाशी थांबली. ओल्या चुन्याचा वास आला, गार, स्वच्छ. बाबांनी थापी दोन्ही हातांनी पुढे धरली.

"घे," ते म्हणाले. "तुझीच आहे. उशीर झाला रे. जा आता घरी."

पुढचं जड दार उघडलं. फरशीवर उन्हाचा लांब पट्टा पडला आणि त्यात एकही सावली आली नाही. दार मिटलं. बाबांचे हात रिकामे होते.

"आता ठोका, साहेब!" मी ओरडले. माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

साहेबांनी हातोडी उचलली. माणूस कर्तव्याला पक्का. पहिला खण. खणखणीत. दुसरा. खणखणीत. पहिली रांग संपली, दुसरी संपली. तिसऱ्या रांगेला दारावरच्या बाई मोजायला लागल्या, चौथ्या रांगेला आम्ही तिघंही मोठमोठ्यानं मोजत होतो. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. चौसष्टाव्या खणाला साहेबांनी हातोडी बाजूला ठेवली आणि बोटांच्या पेरांनी ठोकलं, माझ्यासारखं. तो नाद घुमटातून सुटला, खांबांतून उतरला, काउंटरांवरून धावत गेला, आणि जुन्या पितळी कठड्याची सळी न् सळी झणझणली. बाबा खुर्चीत ताठ बसून ऐकत होते. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी बघितलं.

७

साहेब खाली आले. कपाळ पुसलं. काय झालं हे त्यांनी विचारलं नाही, त्याबद्दल मी त्यांना आयुष्यभर मानीन. तीन पेनांपैकी एक काढलं.

"दारापाशी दगडी पाटी बसणार आहे, कारागिरांची. मिस्त्री, तुमचं पूर्ण नाव सांगा."

बाबांनी सांगितलं. एकतीस वर्षांत कोणी त्यांना ते विचारलं नव्हतं. साहेबांनी एकेक अक्षर नीट लिहून घेतलं.

"आणखी एक लिहा," बाबा म्हणाले. "कामावर दोघं होतो."

"दुसऱ्यांचं नाव?"

बाबांनी आपल्या रिकाम्या हातांकडे बघितलं. "विचारलंच नाही कधी. नुसतं 'आणि मागचा' एवढं लिहा. त्याला कळेल."

तशी पाटी तिथं आहे. वाचनालयात येणारे विचारतात, तेव्हा दारावरच्या बाई छाती फुगवून सांगतात की मिस्त्री आमच्या ओळखीचे आहेत. धंद्यातल्या ज्यांनी बाबांना 'बद्द' म्हटलं त्यातले दोन जण परवा घरी येऊन त्यांच्या पाया पडून गेले. मी त्यांना चहा दिला. साखर कमी घातली, एवढंच.

त्या गुरुवारी आम्ही घरी परतलो तेव्हा दुपार टळून गेली होती. बाबांना चार वर्षांत लागली नव्हती तशी भूक लागली. मी पानं वाढेपर्यंत त्यांना दम निघेना, आणि आनंदाच्या भरात त्यांनी बोटाच्या पेरांनी टेबल वाजवलं.

टक टक.

मी वाटी टाकून त्यांचं मनगट धरलं. आम्ही दोघंही वर बघत राहिलो. आमचं छत साधंच आहे, ओलीचा एक डाग असलेलं. शेजारच्यांचा पंखा फिरत होता. नळ ठिबकत होता. मी मनात वीसपर्यंत मोजलं, मग आणखी वीस.

"सोड," बाबा शेवटी म्हणाले आणि मोकळेपणानं हसले. "सुट्टीवर आहे तो."

मग आम्ही पोटभर जेवलो.